लोकप्रिय स्त्रीवादी ग्रंथ, माध्यमातील भाष्यकार आणि आकडेवारीचा वाद : अमेरिका, १९८६ ते १९९४

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत अमेरिकेतील स्त्रीवादाची चर्चा विद्यापीठांच्या चौकटीबाहेर पडली. ती साप्ताहिकांच्या मुखपृष्ठांवर, वृत्तपत्रीय स्तंभांत आणि दूरचित्रवाणीवर होऊ लागली. या चर्चेचे मुख्य साधन सर्वसामान्य वाचकासाठी लिहिलेला ग्रंथ हे होते. सुसान फालुदी, नाओमी वुल्फ, केटी रॉइफ आणि क्रिस्टिना हॉफ सॉमर्स ही या काळातील ठळक नावे होत. यांपैकी काही लेखिका स्त्री-चळवळीच्या बाजूने, तर काही चळवळीच्या तत्कालीन दिशेवर टीका करीत लिहीत होत्या. मात्र सर्वांच्या युक्तिवादाचा भार मोठ्या प्रमाणावर आकडेवारीवर होता आणि वादही प्रामुख्याने आकड्यांवरूनच झाले. या वादातील तीन प्रमुख प्रसंगांचा ऐतिहासिक मागोवा घेणे आणि त्यांतून पुराव्याच्या वापराविषयी काय दिसून येते हे तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पूर्वपीठिका

लोकप्रिय स्त्रीवादी ग्रंथाची परंपरा बेटी फ्रीडन यांच्या १९६३ मधील 'द फेमिनिन मिस्टिक' या ग्रंथाने दृढ केली. स्मिथ महाविद्यालयातील आपल्या सहाध्यायिनींना पाठविलेली प्रश्नावली आणि स्त्रियांच्या मासिकांचे वाचन हे या ग्रंथाचे महत्त्वाचे आधार होते. पुढे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन या संघटनेच्या फ्रीडन पहिल्या अध्यक्षा झाल्या. म्हणजे या ग्रंथाचा प्रभाव वाचनापुरता मर्यादित राहिला नाही. तथापि त्याचा आधार कितपत व्यापक होता, हा प्रश्न इतिहासकारांनी नंतर उपस्थित केला. जोअन मायरोविट्झ यांनी १९९३ मध्ये युद्धोत्तर काळातील मासिकांमधील ४८९ लेख तपासले. ही मासिके गृहिणीपदाच्या गौरवाबरोबरच स्त्रियांच्या सार्वजनिक कर्तृत्वाचीही प्रशंसा करीत होती, असे त्यांनी दाखवून दिले. ग्रंथाचा परिणाम आणि ग्रंथातील पुराव्याची अचूकता या दोन स्वतंत्र बाबी आहेत, याचे हे पहिले उदाहरण म्हणता येईल.

विवाहाची शक्यता : १९८६

१९८६ मध्ये येल आणि हार्वर्ड विद्यापीठांतील तीन संशोधकांच्या एका अप्रकाशित अभ्यासाची बातमी वृत्तपत्रांत आली. महाविद्यालयीन शिक्षण घेतलेली श्वेतवर्णीय स्त्री ३० व्या वर्षी अविवाहित असल्यास तिच्या विवाहाची शक्यता २० टक्के, ३५ व्या वर्षी ५ टक्के आणि ४० व्या वर्षी २.६ टक्के उरते, असा त्याचा आशय होता. 'न्यूजवीक' साप्ताहिकाने जून १९८६ मध्ये या विषयावर मुखपृष्ठकथा केली. चाळिशीतील अशा स्त्रीचा विवाह होण्यापेक्षा ती दहशतवाद्याच्या हातून मारली जाण्याचा संभव अधिक, असे विधान त्या कथेत होते आणि ते सर्वतोमुखी झाले.

अमेरिकेच्या जनगणना विभागातील जीन मूरमन यांनी त्याच प्रश्नाची स्वतंत्र गणना केली. त्यांच्या मते ३० व्या वर्षी ही शक्यता ५८ ते ६६ टक्के आणि ४० व्या वर्षी १७ ते २३ टक्के होती. पूर्वीच्या पिढ्यांच्या विवाहवयाचा साचा नव्या पिढीला लावल्यामुळे मूळ अंदाज चुकला होता; कारण शिक्षित स्त्रिया विवाह टाळत नव्हत्या, लांबणीवर टाकत होत्या. या प्रकरणाची सविस्तर छाननी सुसान फालुदी यांनी १९९१ मधील 'बॅकलॅश' या ग्रंथात केली. स्त्रियांच्या प्रगतीविरुद्ध उठलेल्या प्रतिक्रियेचे हे त्यांनी दिलेले ठळक उदाहरण होते. 'न्यूजवीक'ने आपली चूक २००६ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी, मान्य केली. मूळ कथेतील १४ अविवाहित स्त्रियांपैकी ११ जणींचा शोध लागला आणि त्यांतील ८ जणींचे विवाह झालेले आढळले. दहशतवाद्याचे ते विधान एका वार्ताहराने अंतर्गत टिपणात विनोदाने केले होते, हेही तेव्हा सांगण्यात आले.

दीड लाख मृत्यू : १९९० ते १९९४

दुसऱ्या प्रसंगात दोषाची जागा बदलते. नाओमी वुल्फ यांनी 'द ब्यूटी मिथ' (१९९०) या ग्रंथात सौंदर्याच्या लादलेल्या मापदंडांमुळे स्त्रियांच्या शरीराचे आणि मनाचे किती नुकसान होते, याची मांडणी केली. अ‍ॅनोरेक्सिया या आहारविषयक मनोविकाराने अमेरिकेत दरवर्षी दीड लाख स्त्रिया मरण पावतात, असा आकडा त्यात होता. ग्लोरिया स्टायनेम यांच्या १९९२ मधील ग्रंथात तो पुन्हा आला आणि एका लोकप्रिय सल्ला-स्तंभातूनही घरोघरी पोहोचला.

क्लार्क विद्यापीठातील तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिका क्रिस्टिना हॉफ सॉमर्स यांनी 'हू स्टोल फेमिनिझम?' (१९९४) या ग्रंथात या आकड्याचा उगम शोधला. वुल्फ यांचा आधार एका इतिहासकाराचा ग्रंथ हा होता आणि त्या ग्रंथाचा आधार रुग्णांसाठी काम करणारी एक संस्था. त्या संस्थेने दीड ते दोन लाख रुग्ण असल्याचे म्हटले होते. रुग्णांची संख्या उद्धृत होता होता मृतांची संख्या झाली होती. सरकारी मृत्युनोंदींनुसार या विकाराने झालेले मृत्यू १९८३ मध्ये १०१ आणि १९८८ मध्ये ६७ होते. वुल्फ यांनी पुढील आवृत्तीत दुरुस्ती केली. कास्पर स्कूमाकर यांनी २००४ मध्ये ग्रंथातील या विकाराविषयीचे २३ आकडे तपासले, तेव्हा त्यांतील १८ अवाजवी फुगलेले आढळले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मृत्युनोंदीतील संख्याही पूर्ण सत्य सांगत नाही. अशा रुग्णाचा मृत्यू हृदयक्रिया बंद पडल्याने किंवा आत्महत्येने झाला, तर नोंद त्या कारणाची होऊ शकते. हा विकार मनोविकारांमधील सर्वाधिक मृत्युदर असणाऱ्या विकारांपैकी एक आहे. म्हणजे आकडा चुकीचा होता; परंतु ज्या दुःखाकडे तो लक्ष वेधत होता ते खोटे नव्हते.

चारपैकी एक : व्याख्येचा वाद

तिसरा वाद मोजणीपेक्षा व्याख्येचा होता. मेरी कॉस यांनी ३२ शिक्षणसंस्थांमधील ३,१८७ विद्यार्थिनींच्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष १९८७ मध्ये प्रसिद्ध केले. वयाच्या चौदाव्या वर्षानंतर कायद्याच्या व्याख्येत बसणारा बलात्कार किंवा त्याचा प्रयत्न सुमारे २७ टक्के विद्यार्थिनींनी अनुभवला होता. यावरून 'चारपैकी एक' हे घोषवाक्य तयार झाले. बर्कलीतील नील गिल्बर्ट यांनी १९९१ मध्ये आक्षेप घेतला, की बलात्कारपीडित म्हणून गणल्या गेलेल्यांपैकी ७३ टक्के स्त्रियांनी स्वतः त्या घटनेला बलात्कार म्हटले नव्हते. तसेच मद्याविषयीचा प्रश्न संदिग्ध होता. केटी रॉइफ यांनी 'द मॉर्निंग आफ्टर' (१९९३) या ग्रंथात, परिस्थिती इतकी भीषण असती तर आपल्या मैत्रिणींबाबत ते आपल्याला कळले नसते काय, असा सवाल केला.

रॉइफ यांचा हा सवाल प्रभावी असला तरी पुरावा म्हणून दुर्बल होता. असे अनुभव सहसा मैत्रिणींनाही सांगितले जात नाहीत, आणि कृतीविषयी थेट प्रश्न विचारण्याची कॉस यांची पद्धती नेमकी त्या मौनावर मात करण्यासाठी होती. याउलट, बलात्कार आणि त्याचा प्रयत्न यांची बेरीज घोषवाक्यात केवळ 'बलात्कार' म्हणून वापरली जाणे हेही संशोधनाशी प्रामाणिक नव्हते.

भाष्यकारांची भूमिका

या तिन्ही वादांत माध्यमांनी पुरावा तपासण्यापेक्षा पक्ष उभे करण्यावर भर दिला. मार्च १९९२ मध्ये 'टाइम'च्या मुखपृष्ठावर फालुदी आणि स्टायनेम झळकल्या. रॉइफ यांच्या पुस्तकाचा अंश 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या रविवारच्या मासिकाने ठळकपणे छापला. सॉमर्स यांना ऑलिन, ब्रॅडली आदी परंपरावादी प्रतिष्ठानांचे अर्थसाहाय्य होते, याकडे त्यांच्या टीकाकारांनी बोट दाखविले. ही माहिती वाचकाला असणे योग्यच. परंतु तिने दीड लाखांचा आकडा खरा ठरत नाही. त्याचप्रमाणे तो आकडा खोटा ठरल्याने वुल्फ यांचे सौंदर्यविषयक संपूर्ण विवेचनही रद्द होत नाही. मे २०१९ मध्ये वुल्फ यांच्या नव्या ग्रंथातील एका न्यायालयीन संज्ञेचा अर्थ चुकल्याचे बीबीसीच्या मुलाखतीत उघड झाले आणि अमेरिकी प्रकाशकाने तो ग्रंथ मागे घेतला. प्राथमिक साधनातील संज्ञेचा अर्थ न तपासण्याची किंमत या वेळी लेखिकेला त्वरित मोजावी लागली.

निष्कर्ष

१. चुकीचा आकडा ही कोणत्याही एका विचारपक्षाची मक्तेदारी नव्हती. विवाहाचा आकडा स्त्रियांना भयभीत करण्यासाठी, तर मृत्यूचा आकडा त्यांच्या बाजूने वापरला गेला. दोन्हींचा प्रसार मूळ साधन न पाहता झाला.

२. दुरुस्ती नेहमी मागून आणि मंद गतीने पोहोचली. ज्यांनी १९८६ ची मुखपृष्ठकथा वाचली, त्या साऱ्यांनी २००६ ची कबुली वाचली असेल असे नाही.

३. आकड्याचे खंडन आणि प्रश्नाचे खंडन यांत फरक आहे. मात्र अतिशयोक्त आकडा वापरणारा लेखक हा फरक पुसून टाकण्याची संधी विरोधकाला स्वतःच देतो, आणि त्याची झळ ज्यांच्यासाठी ग्रंथ लिहिला त्या स्त्रियांना लागते.

स्त्री-प्रश्नाच्या अध्यापनात लोकप्रिय ग्रंथांचे स्थान मोठे आहे, कारण विद्यार्थ्याची विषयाशी पहिली ओळख बहुधा त्यांच्याद्वारेच होते. म्हणूनच असा ग्रंथ वर्गात नेताना त्यातील किमान एका आकड्याचा उगमापर्यंत माग काढून दाखविणे, हे त्या ग्रंथावरील अविश्वासाचे नव्हे, तर त्याच्या विषयाविषयीच्या गांभीर्याचे लक्षण ठरेल.