शाळेची वाट आणि मुलीची सायकल

जालना जिल्ह्यात निळी एसटी दिसली की समजायचं, मुलींची गाडी. मानव विकास कार्यक्रमातली, 2011 नंतरची. मोफत पास त्याआधीच होता, अहिल्याबाई होळकर योजनेतला. पण गाडीच नसेल तर पास घेऊन करायचं काय? गावातली शाळा सातवीला संपली की पायपीट, नाहीतर घरी बसणं, आणि मग लग्नाची बोलणी.

याच कार्यक्रमात शाळेपासून पाच किलोमीटरच्या आतल्या गरजू मुलींना सायकली मिळाल्या, आठवी ते बारावीच्या. मला बसपेक्षा हीच गोष्ट मोठी वाटते. बस चुकली की दिवस गेला. सायकल तिच्या स्वतःच्या ताब्यात. पायात बळ येतं, दम वाढतो, ते वेगळंच. फक्त मंठ्यातून जाणाऱ्या जालना-जिंतूर रस्त्यावर ट्रकही तिच्या बाजूनंच धावतात.