गाण्याखाली सही कुणाची? वामनदादा कर्डक आणि गीतकाराची कारकीर्द

लोकप्रिय संगीतावर पीएच.डी. करायचा विचार असेल, तर एक अडचण आधीच सांगून ठेवतो. गायकाची कारकीर्द शोधता येते, कंपनीचीही येते. गीतकाराची शोधताना मात्र दमछाक होते. कॅसेटच्या कव्हरवर गायकाचा फोटो, कंपनीचं नाव ठळक, आणि गीतकार कुठेतरी बारीक अक्षरात. कधी कधी तर नुसतंच 'पारंपरिक'!

आज हे वामनदादा कर्डक यांच्या उदाहरणावरून बघू. नांदेड-लातूरकडे १४ एप्रिलला त्यांचं एखादं गाणं कानावर पडलं नाही, असं सहसा होत नाही. पण ते गाणं त्यांचंच आहे हे सिद्ध कसं करणार?

आधी थोडक्यात माणूस. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. शाळा नाही. मुंबईत मिळेल ती कष्टाची कामं केली आणि मोठेपणी अक्षरओळख करून घेतली. १९४३ च्या सुमारास गाणी लिहायला लागले. पुढची साठेक वर्षं महाराष्ट्रभर, मराठवाड्यातही, गावोगावी गात फिरले. १५ मे २००४ ला गेले. काही गाणी मराठी चित्रपटांसाठी लिहिली, 'वाटचाल', 'मोहळ' असे संग्रहही निघाले. पण त्यांचं गाणं पसरलं ते मुख्यतः तोंडातोंडी. वस्तीतला कार्यक्रम हेच त्याचं प्रकाशन आणि गायन पार्टी हीच त्याची कंपनी.

सही गाण्याच्या आत

ग्रामोफोनच्या सुरुवातीच्या काळातली एक गोष्ट तुम्ही ऐकली असेल. गौहर जान रेकॉर्डिंग संपताना स्वतःचं नाव मोठ्याने उच्चारायच्या. तबकडी छापली जायची जर्मनीत, तिथल्या कामगारांना गाणारी कोण ते कळावं म्हणून. गायिकेची सही ती.

वामनदादांची सही शेवटच्या कडव्यात असते: 'वामन'. ही रीत आपल्याकडे जुनी आहे. नांदेडशेजारच्या नर्सीच्या नामदेवांपासून तुकारामांपर्यंत अभंगात कवीचं नाव येतं. उर्दू गझलेतही शेवटच्या शेरात कवीचं टोपणनाव येतं. भीमगीतांनी कव्वालीचा बाज उचलला होता, तिथेही हीच पद्धत. ज्याच्या मागे कंपनी नाही, करार नाही, त्याच्यासाठी हे कडवं म्हणजे मालकीचा कागदच.

आता तुम्ही म्हणाल, मग सोपं झालं की! नाही. सगळ्यात आधी कापलं जातं ते शेवटचंच कडवं. ७८ आरपीएमच्या तबकडीत एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. कॅसेट आल्यावर जागा वाढली, पण साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये एका बाजूला तीसच मिनिटं. गाणी जास्त बसवायची तर कडवी कमी करायची. कडवं गेलं की सही गेली. उलटंही होतं: प्रसिद्ध कवीचं नाव दुसऱ्याच्या रचनेला चिकटतं. म्हणून मुद्रा हा पुरावा आहे, पण एकटी पुरेशी नाही.

तारीख कशी लावायची?

इथे मराठवाड्याचा इतिहास मदतीला येतो. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळेंना मारलं गेलं. २५ नोव्हेंबर १९९३ ला गौतम वाघमारेंनी नांदेडात आत्मदहन केलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. या साडेपंधरा वर्षांत वामनदादांसह अनेक शाहिरांनी नामांतराची गाणी रचली. आणि याच काळात स्वस्त कॅसेट खेड्यापाड्यात पोचली.

म्हणजे काय, तर गाण्यात पोचीरामांचं नाव असेल तर ते कडवं १९७८ च्या आधीचं नाही. 'नामांतर झालंच पाहिजे' असा सूर असेल तर ते बहुधा १९९४ च्या आधीचं. पण ही तारीख रचनेची; कॅसेटवरचं साल ध्वनिमुद्रणाचं किंवा विक्रीचं. दोन्ही वेगळ्या रकान्यात लिहा. यात गल्लत झाली की आख्खं प्रकरण घसरतं.

कामाला लागताना

एका गाण्यासाठी निदान तीन गोष्टी समोरासमोर ठेवा: छापील संग्रह किंवा जयंतीला विकली जाणारी पुस्तिका, ध्वनिमुद्रण, आणि गायन पार्टीतल्या जुन्या गायकाची वही. कुठे कोणतं कडवं आहे आणि कुठे गाळलंय ते नोंदवा. गाळलेलं कडवं हीसुद्धा माहितीच आहे. मुलाखतीत 'हे गाणं कुणाचं?' एवढंच विचारू नका. 'कुणाकडून, कुठल्या कार्यक्रमात शिकलात?' हेही विचारा.

हे सगळं कशासाठी? आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ ची दुरुस्ती होईपर्यंत गीतकाराला बहुधा एकदाच ठरावीक रक्कम मिळायची. गाणं पुढे कितीही वाजो. दुरुस्तीनंतर रॉयल्टीतला वाटा त्याच्याकडून कायमचा लिहून घेता येत नाही. वामनदादांच्या रचनांवरचा कॉपीराइट २०६४ अखेरपर्यंत टिकतो. पण हक्क सांगायचा तर आधी गाणं कुणाचं ते ठरलं पाहिजे. 'पारंपरिक' लिहिलं की हक्क संपला आणि माणूसही पुसला गेला.

तेव्हा तुमच्या सूचीत 'पारंपरिक' किंवा 'अज्ञात' लिहिण्याआधी गाणं शेवटपर्यंत ऐका. आणि घरात जुन्या कॅसेट असतील तर बुरशी लागायच्या आत डिजिटल करून घ्या, कव्हरच्या दोन्ही बाजूंच्या फोटोसकट.