पाठ, पाठभेद आणि नागमोडी रेघ



भाषेच्या विद्यार्थ्याला सुरुवातीला आपण काय शिकवतो? शब्दाचा अर्थ, वाक्याचा अन्वय, वृत्त, अलंकार. समोर छापलेला मजकूर बरोबरच आहे, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. 'हा मजकूर आपल्यापर्यंत आला कसा?' असं विचारलं की चिकित्सक वाचन सुरू होतं. हा प्रश्न पुण्यात फार मोठ्या प्रमाणावर विचारला गेला. आज आपण त्याचाच इतिहास पाहू.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ साली स्थापन झालं. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आरंभ १९१९ मध्ये झाला, ती पुरी झाली १९६६ मध्ये. सत्तेचाळीस वर्षं आणि १,२५९ हस्तलिखितं! १९२५ पासून १९४३ मध्ये निधन होईपर्यंत विष्णु सीताराम सुकथनकर हे प्रमुख संपादक होते. केंब्रिजला गणित शिकलेला हा माणूस पुढे बर्लिनला ल्यूडर्स यांच्या हाताखाली संस्कृतकडे वळला.

आता प्रश्न असा, की प्रती एकमेकींशी जुळत नसतील तर खरं कुठलं धरायचं? जास्त प्रती जे सांगतात ते? नाही. एकाच प्रतीवरून शंभर नकला झाल्या असतील, तर तो साक्षीदार एकच. उलट काश्मीरची शारदा लिपीतली प्रत आणि केरळची मल्याळम लिपीतली प्रत घ्या. मध्ये सगळा देश पसरलेला. या दोघी एखाद्या पाठावर जुळल्या आणि मधल्या प्रती वेगळं सांगू लागल्या, तर जुळणारा पाठ जुना असण्याचा संभव अधिक. साक्षी मोजायच्या नसतात, तोलायच्या असतात.

दुसरी गोष्ट खास भाषेच्या विद्यार्थ्याने ध्यानात घ्यावी अशी आहे. नकलणारा लेखकु बहुधा शिकलेला असे. पाणिनीच्या नियमात न बसणारं रूप दिसलं की ते त्याला खटके. दोन स्वर सुटे राहिले की मध्ये एखादा 'च' किंवा 'हि' घालून तो जागा बुजवी. अवघड शब्दाच्या जागी सोपा येई. सोप्याचा मुद्दाम अवघड करणारा मात्र विरळा. म्हणून पुष्कळदा जिथे व्याकरण अडखळतं, तिथे जुना पाठ शिल्लक असतो. बघा, चांगलं व्याकरण येणाऱ्यालाच इथे हात आवरायला शिकावं लागतं.

या कामावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की ही पाश्चात्त्यांची विद्या. पद्धतीचा काही भाग तिकडून आला, हे खरं. पण एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. सतराव्या शतकात नीलकंठ चतुर्धर, मूळ घराणं गोदाकाठच्या कोपरगावचं, यांनी काशीत निरनिराळ्या प्रांतांतल्या प्रती जमवून महाभारताचे पाठ निवडले. तेव्हा प्रश्न विचारण्याची वृत्ती आपल्या घरचीच आहे.

दुसरा आक्षेप जास्त जिव्हाळ्याचा आहे: 'तुम्ही आमच्या गणपतीला बाहेर काढलंत!' व्यास सांगताहेत आणि गणेश लिहितो आहे, ही कथा आपण लहानपणापासून ऐकलेली. चिकित्सक आवृत्तीत ती मूळ संहितेत नाही. जुन्या आणि परस्परांपासून स्वतंत्र अशा परंपरांचा पुरेसा आधार तिला मिळाला नाही. दुखतं, हे आम्ही नाकारत नाही. पण ती कथा फेकून दिलेली नाही. आदिपर्वाच्या परिशिष्टात ती आहे.

आमच्या मते या आवृत्तीचं मर्म इथेच आहे. पान उघडा. वर स्वीकारलेला पाठ, खाली बारीक टायपात पाठभेद आणि ते देणाऱ्या प्रतींच्या खुणा. ज्या शब्दाबद्दल संपादकाची पुरती खात्री नाही, त्याच्याखाली नागमोडी रेघ. म्हणजे संपादक सांगतो: हा माझा निर्णय, हा त्याचा पुरावा, आणि इथे मी डळमळीत आहे. एकनाथांनी शुद्ध पाठ दिला, पण काय गाळलं ते आपल्यापुढे ठेवलं नाही. पुण्याच्या संपादकांनी तेही ठेवलं.

तत्त्वज्ञान शिकवताना आम्ही पूर्वपक्षाबद्दल बोलतो. ज्याचं खंडन करायचं, त्याचं म्हणणं आधी नीट मांडायचं. पानाखालचे पाठभेद हा संपादकाने जपून ठेवलेला पूर्वपक्षच आहे. उद्या एखादी विद्यार्थिनी तोच पुरावा वाचून 'सुकथनकर इथे चुकले' असं म्हणू शकते, आणि तसं म्हणायला लागणारी सामग्री तिला सुकथनकरांनीच दिलेली असते.

म्हणून चिकित्सा म्हणजे अश्रद्धा, हे समीकरण आपण सोडून द्यावं. एका ओळीसाठी अनेक पोथ्या ताडून पाहणाऱ्याची त्या ग्रंथावर माया नाही, असं कोण म्हणेल? पुढच्या वेळी हातात एखादा मजकूर आला, मग तो पोथीतला असो की मोबाइलवरचा, तर आपण तीन गोष्टी विचारू या: हा कुणाकडून आला, दुसरा स्वतंत्र साक्षीदार कोण, आणि आपल्या खात्रीखाली नागमोडी रेघ कुठे मारायला हवी?