सरकलेला रकाना

खातेवही जुळेना, की आम्ही कारकून आधी दुसऱ्याच्या अक्षराला दोष देतो. पालोमारच्या 200 इंची दुर्बिणीवर काम करणाऱ्या मार्टेन श्मिटसाहेबांपाशी ही सोय नव्हती. ‘थ्री-सी 273’ हा ताऱ्यासारखा ठिपका. पण त्याच्या वर्णपटातल्या रेषा कुठल्याच मूलद्रव्याच्या खात्यात बसेनात. 5 फेब्रुवारी 1963 रोजी साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला : अहो, हा तर आपला हायड्रोजनच! सगळ्या रेषा तेवढ्या 16 टक्के तांबड्याकडे सरकलेल्या. नोंदी बरोबर, रकाना सरकलेला!

म्हणजे हा ठिपका दोनशे कोटींहून अधिक प्रकाशवर्षं लांब, आणि अख्ख्या आकाशगंगेपेक्षा तेजस्वी. पोटात राक्षसी कृष्णविवर. त्यात पडता पडता वायू तापून असा उजळतो. त्याचं नाव क्वेसार.

पुढं क्वेसार मोजले, तर जवळ विरळ, लांब दाट. लांबचं म्हणजे जुनं. तेव्हा विश्व काही सदासर्वकाळ असंच नव्हतं.

सौ. म्हणते, “तुम्ही पूर्वीचे राहिला नाहीत.” पूर्वी मी वाद घालायचो. आता म्हणतो, “अगं, विश्व तरी कुठं राहिलंय?”