बेकरीची भट्टी आणि घरचा ओव्हन : फ्रूट स्कोनच्या निमित्ताने एक सामाजिक-ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

नागपूरच्या रामदासपेठेत आज रुग्णालये, शिकवणी वर्ग आणि जुन्या बंगल्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या सदनिका यांच्या दरम्यान कॉफीगृहे दिसतात. त्यांच्या काचेच्या कपाटात मफिन, कुकीज आणि क्वचित बेदाणे घातलेला फ्रूट स्कोन मांडलेला असतो. कॉफीबरोबर चवीने खाल्लेला हा पदार्थ पुढे घरी करून पाहिला जातो. कपाटातला ओव्हन बाहेर निघतो, मैदा चाळला जातो आणि रविवारच्या दुपारी स्वयंपाकघरात लोण्याचा वास दरवळतो. वरवर पाहता ही केवळ हौस आहे. तथापि, भट्टीत भाजलेला पदार्थ महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय हिंदू घराच्या स्वयंपाकघरात सहज तयार होऊ लागावा, या घटनेमागे सुमारे पावणेदोनशे वर्षांचा सामाजिक इतिहास आहे.

या इतिहासाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. पाव, बिस्किट, नानकटाई आणि स्कोन हे पदार्थ भिन्न असले तरी त्यांच्या संदर्भात आपल्या समाजाने एकच प्रश्न वारंवार विचारला : हे कोणाच्या हातचे? हा प्रश्न क्रमाने कसा बदलत गेला आणि घरी ओव्हन आल्यावर तो सुटला की केवळ टळला, याची येथे चर्चा केली आहे.

स्कोन : मूळ आणि घडण

स्कोन हा मूळचा स्कॉटलंडचा पदार्थ. १५१३ मध्ये गॅविन डग्लस याने व्हर्जिलच्या 'इनीड' या महाकाव्याचा स्कॉट्स भाषेत अनुवाद पूर्ण केला. त्यात या शब्दाचा सर्वांत जुना आढळ मानला जातो. आरंभीचे स्कोन तव्यावर भाजलेले, जव वा ओट यांच्या पिठाचे आणि चपटे असत. आजचा फुगलेला, भट्टीतला स्कोन हे एकोणिसाव्या शतकातील रसायनशास्त्राचे अपत्य आहे. १८४३ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने बेकिंग पावडर तयार केली. त्याच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे, म्हणून यीस्टविना पाव फुगविण्याचा उपाय तो शोधत होता.

हा तपशील आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. खाण्याचा सोडा आणि आम्ल यांच्या संयोगातून कार्बन डायऑक्साइड वायू निर्माण होतो व पीठ फुगते. त्यासाठी आंबवण लागत नाही, ताडी लागत नाही आणि स्कोनच्या बाबतीत अंडेही आवश्यक नसते. एका घरातील पथ्यासाठी निघालेली ही युक्ती पुढे संपूर्ण समाजाच्या पथ्याला उपयोगी पडली.

पाव आणि बाटण्याची भीती

'पाव' हा मराठी शब्द पोर्तुगीज 'पाँव' यापासून आला आहे. गोव्यात पाव करणाऱ्याला 'पोदेर' म्हणतात, तोही पोर्तुगीज शब्दाचाच अवशेष. तेथे पीठ फुगविण्यासाठी माडाची सूर वापरली जाई. परक्या धर्माचा हात आणि मादक द्रव्याचा अंश या दोन्ही कारणांनी पाव हा धर्मांतराचे चिन्ह ठरला. विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी पिणारे सारे बाटले, अशा कथा कोकण-गोव्याच्या लोकस्मृतीत अद्याप आहेत. बेकरीत पीठ पायांनी तुडवतात, हा समज तर विसाव्या शतकातही घरोघरी सांगितला जात असे.

जी वस्तू बाटविते, तीच वस्तू बंधन तोडण्याचे साधनही होऊ शकते, हे पहिल्यांदा ओळखले ते सुधारकांनी. १८४९ मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस सभा स्थापन केली. या गुप्त सभेत प्रवेश घेताना ख्रिश्चन व्यक्तीने भाजलेल्या पावाचा तुकडा खाणे आणि मुसलमानाने आणलेले पाणी पिणे अपेक्षित असे. जातिभेद मानत नाही, असे शब्दांनी सांगणे पुरेसे नव्हते. ते घशाखाली उतरवून दाखवावे लागे. मात्र हे धैर्य बंद दाराआडचे होते. १८६०च्या सुमारास सभासदांची नावे उघड होण्याचा प्रसंग आला आणि सभाच विखुरली.

दुसरा प्रसंग अधिक परिचित आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये झालेल्या कार्यक्रमानंतर उपस्थितांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. उपस्थितांत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक होते. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रातून प्रसिद्ध करविली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. अखेर १८९२ मध्ये रानडे यांनी प्रायश्चित्त घेतले. या प्रायश्चित्ताने सुधारकांच्या वर्तुळात झालेली खळबळ आणि स्वतःला झालेले दुःख रमाबाई रानडे यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत नोंदवले आहे. उच्च न्यायालयाच्या मार्गावर असलेल्या विद्वानालाही एका कपाचा हिशेब समाजाला द्यावा लागला, यावरून त्या काळातील 'हाताच्या' प्रश्नाचे वजन कळते.

या भीतीवर बाजारानेही उत्तर शोधले. १८९८ मध्ये दिल्लीत हिंदू बिस्किट कंपनी निघाली. बिस्किट परके नाही, करणारा परका नसावा, हे या नावातच अनुस्यूत होते. म्हणजे आक्षेप पदार्थावरून सरकून कारागिरावर स्थिरावला होता.

नागपूरची पार्श्वभूमी

नागपूरला इंग्रजी खाद्यसंस्कृतीचा शेजार पुण्या-मुंबईइतका जुना नसला तरी तो उशिराचाही नाही. कामठीची छावणी १८२१ मधील. छावणीमागोमाग पाव आणि बेकरी येणे हा ब्रिटिश अमलातील सर्वत्रचा क्रम होता. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती होऊन नागपूर राजधानी झाले, १८६७ मध्ये मुंबईकडून रेल्वे आली आणि १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली. छावणी, सचिवालय, रेल्वे आणि गिरणी या चारही ठिकाणी घराबाहेर खाणारा माणूस निर्माण झाला. पावाचा खरा ग्राहक तोच होता.

येथे एक योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. नागपुरातील मिशन हे स्कॉटिश मिशन होते. स्टीफन हिस्लॉप हे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी १८४०च्या दशकात येथे आले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ पासून शहरात आहे. स्कोनच्या मायदेशाशी नागपूरचा संबंध इतका जुना असूनही त्या धाग्याने आजच्या फ्रूट स्कोनपर्यंत पोहोचण्याचा मोह टाळला पाहिजे. मिशनच्या शाळेत मुले शिकली, पण मिशनच्या चहापानाचे मेज आणि शहराचे स्वयंपाकघर यांच्यामध्ये पंचहौद प्रकरणात दिसली तीच भिंत होती. शिक्षण स्वीकारले गेले, अन्न नाही. स्कोन नागपूरच्या घरात आला तो शंभराहून अधिक वर्षांनंतर आणि कॉफीगृहाच्या वाटेने.

घरचा मैदा, बेकरीची भट्टी

या दोन टोकांच्या मध्ये जी अवस्था आहे, तिच्याकडे इतिहासाचे फारसे लक्ष गेलेले नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील अनेक शहरांत व तालुक्यांच्या गावी दिवाळीच्या आधी किंवा उन्हाळ्याच्या सुटीत गृहिणी घरून मैदा, साखर, तूप वा डालडा (जो १९३७ पासून बाजारात होता) आणि वेलदोडा घेऊन बेकरीत जात. तेथे पीठ मळून घेतले जाई, नानकटाईचे गोळे पत्र्यांवर मांडले जात आणि भाजणावळ देऊन पत्र्याचा डबा भरून घरी आणला जाई. मुले आपला पत्रा ओळखून ठेवत. बायका भट्टीसमोर बसून राहत.

ही व्यवस्था बारकाईने पाहावी. जिन्नस घरचा, भट्टी बेकरीची. बेकरी अनेकदा मुसलमान, इराणी वा ख्रिश्चन मालकाची. गृहिणीचे तेथे बसणे हे काही अंशी राखण होते : तूप बदलू नये, अंडे लागू नये, पत्रे मिसळू नयेत. त्याच वेळी तो एक परिचयही होता. कोणत्या भट्टीचा जाळ सम आहे, कोणता कारागीर मोहन नेमके घालतो, हे बायकांना ठाऊक असे. ज्या हातचे खाण्यासाठी १८४९ मध्ये गुप्त शपथ लागे, त्या हाताने भाजलेली नानकटाई शंभर वर्षांनी दिवाळीच्या ताटात आली. तिच्यासाठी कोणी सभा भरविली नाही, कोणी प्रायश्चित्त मागितले नाही. प्रस्तुत लेखिकेच्या मते ही आपल्या खाद्यव्यवहारातील एक मोठी, परंतु नोंद न झालेली सुधारणा आहे.

ओव्हन घरात येतो

घरी भाजण्याचे प्रयत्नही समांतर चालू होते. कुकरमध्ये वाळू तापवून, शिटी काढून त्यात केक भाजणे ही युक्ती सर्वपरिचित होती. पुढे ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन आला आणि नंतर उष्णता ठरविता येणारा चौकोनी ओव्हन. महाविद्यालयीन पातळीवर गृहविज्ञान हा विषय रुजला. नागपुरात शंकरनगर येथील लेडी अमृतबाई डागा महाविद्यालय आणि त्याच्याशी निगडित रत्नीदेवी पुरोहित गृहविज्ञान महाविद्यालय ही त्याची परिचित उदाहरणे. मोजमाप, तापमान आणि वेळ यांची शिस्त हा या विषयाचा पाया, आणि भट्टीकामही अंदाजापेक्षा मापावरच चालते.

दुसरीकडे कॉफीगृहांची साखळी उभी राहिली. कॅफे कॉफी डेचे पहिले दालन १९९६ मध्ये बंगळुरूत उघडले, बरिस्ता २०००च्या सुमारास आले आणि स्टारबक्सने ऑक्टोबर २०१२ मध्ये मुंबईत सुरुवात केली. या दालनांत पदार्थ कोणाच्या हातचा हे विचारण्याची सोयच नाही. हात दिसत नाही, दिसते ते बोधचिन्ह. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाल्यावर ही दालने बंद झाली आणि तेथील पदार्थ घरी करून पाहण्याची लाट आली. पूर्वी घरचा मैदा बेकरीत जात होता. आता बाहेरचा पदार्थ घरच्या ओव्हनमध्ये आला.

नागपूरच्या हवेतला स्कोन

पदार्थ परका असला तरी त्याचे जिन्नस परके राहिलेले नाहीत. सर्वसाधारण प्रमाण असे : मैदा २२५ ग्रॅम, बेकिंग पावडर ३ लहान चमचे, थंड लोणी ५५ ग्रॅम, साखर २५ ग्रॅम, बेदाणे ५० ग्रॅम, चिमूटभर मीठ आणि सुमारे १५० मिलीलिटर दूध किंवा ताक. ताक वापरल्यास त्यातील आम्लासाठी थोडा खाण्याचा सोडा घालतात. लोणी मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळून रव्याळ करायचे, दूध घालून पीठ फक्त एकत्र आणायचे, मळायचे नाही. मळल्याने मैद्यातील ग्लुटेन ताणले जाते आणि स्कोन चिवट होतो. बोटाएवढ्या जाडीवर थापून, वाटीने कापून २२० अंश सेल्सियसवर १२ ते १५ मिनिटे भाजायचे. पोळीसाठी कणीक मळून मळून मऊ करण्याची सवय असलेल्या हाताला हा संयम नवा आहे.

नागपूरची अडचण वेगळीच आहे. मे महिन्यात येथील पारा ४५ अंशांच्या वर जातो. लोणी चोळण्याआधीच वितळते आणि स्कोन पसरट होतो. म्हणून लोणी गोठवून किसून घालणे, पीठ अर्धा तास शीतकपाटात ठेवणे किंवा सरळ हिवाळ्याची वाट पाहणे, हे उपाय करावे लागतात. हिवाळा हा संत्र्याच्या आंबिया बहराचाही काळ. किसलेली संत्र्याची साल स्कोनमध्ये चांगली मिसळते. बेदाणे सांगली-तासगाव भागाचे. नागपूर संत्र्याला २०१४ मध्ये आणि सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. स्कॉटलंडचे नाव, बर्मिंगहॅमची पावडर, तासगावचा बेदाणा आणि नागपूरचे संत्रे असा हा संयोग आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन अवस्था स्पष्ट होतात. पहिलीत भट्टीतील पदार्थ निषिद्ध होता आणि तो खाणे ही बंडखोरी होती. दुसरीत घरचा जिन्नस आणि परक्या हाताची भट्टी यांच्यात एक अबोल सलोखा झाला. तिसरीत भट्टीच घरात आली.

तिसऱ्या अवस्थेचे लाभ उघड आहेत. अनेक स्त्रियांना घरच्या ओव्हनने स्वतःचे उत्पन्न दिले आहे. परंतु तिची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. घरच्या ओव्हनने 'कोणाच्या हातचे' या प्रश्नाला उत्तर दिले नाही. तो प्रश्न विचारण्याची गरजच उरू दिली नाही. परमहंस सभेने जो प्रश्न धैर्याने सोडवू पाहिला आणि नानकटाईच्या पत्र्यांनी जो व्यवहाराने सोडविला, तो आपण आता यंत्राने टाळला आहे. भट्टीसमोर तासभर बसण्यात गृहिणी आणि कारागीर यांच्यात जी ओळख होत असे, ती ओव्हनच्या घंटीने होत नाही.

म्हणून एक सूचना करून हा लेख संपवितो. सदर, मोमिनपुरा, सीताबर्डी, कामठी येथील जुन्या बेकऱ्यांतील कारागिरांच्या आणि तेथे डबे घेऊन गेलेल्या स्त्रियांच्या आठवणी आपल्या महाविद्यालयांतील इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ध्वनिमुद्रित कराव्यात. पंचहौदच्या चहाची कागदपत्रे आहेत, कारण तेथे भांडण झाले होते. दिवाळीच्या नानकटाईची कागदपत्रे नाहीत, कारण तेथे भांडण झाले नाही. जो सलोखा कागदावर आला नाही, तो सांगणारी माणसे आहेत तोवरच ऐकून ठेवणे शक्य आहे.