जॉबर : गिरणीच्या फाटकावरची सत्ता

१/ मुंबईच्या कापड गिरण्यांची कथा बहुधा कावसजी दावर यांच्या १८५४ सालच्या कंपनीपासून सुरू होते आणि १९८२ च्या संपापाशी थांबते. मालकांची नावे आपल्याला ठाऊक असतात, संपाच्या नेत्यांचीही. या दोहोंच्या मधे उभा असलेला जॉबर मात्र सहसा निनावीच राहतो. वास्तविक कामगाराला कामावर घेणारा तोच आणि काढणाराही तोच.

२/ गिरणीला माणसे तर मोठ्या संख्येने लागत. पण ती भरती करण्याची व्यवस्था मालकांनी दीर्घकाळ स्वतः उभारलीच नाही. ते काम त्यांनी खात्यातील जॉबरवर सोपवले. तो मूळचा कामगारच. रत्नागिरी वा साताऱ्याहून आलेला तरुण एखाद्या गाववाल्याची किंवा नातलगाची ओळख घेऊन त्याच्यापुढे उभा राही. स्त्रिया काम करीत त्या वाइंडिंग-रीलिंग खात्यांत हीच सत्ता नाईकिणीच्या हाती असे.

३/ या ओळखीला किंमत होती. कामाला लागताना दस्तुरी द्यावी लागे आणि काम टिकावे म्हणून पुढेही हात ओला करावा लागे.

४/ मग कामगार हे निमूटपणे का सोसत? याचे उत्तर पगाराच्या तारखेत आहे. पगार महिन्याचा, आणि तोही पुढचा महिना निम्मा सरल्यावर मिळे. नव्या माणसाला सुमारे दीड महिना उधारीवर काढावा लागे. वाण्याकडे खाते कोण उघडून देणार? खोलीसाठी हमी कोण राहणार? पुष्कळदा जॉबरच. कधी तो स्वतः व्याजाने पैसेही देई. लुबाडणारा आणि आधार देणारा एकच असला, की त्याच्याविरुद्ध तक्रार करणे कठीण होते.

५/ सर्वांत बिकट स्थिती 'बदली'ची. बदली म्हणजे कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्या जागी घेतला जाणारा माणूस. तो रोज पहाटे फाटकाशी उभा राही. आज काम कोणाला, हे जॉबर ठरवी. निवड झाली नाही, तर रिकाम्या हाताने परत.

६/ ही सत्ता अमर्याद मात्र नव्हती. माणसे जमवता व सांभाळता आली नाहीत, तर जॉबरचीच नोकरी धोक्यात येई. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. तिच्या गिरणी समित्या कामगारांची गाऱ्हाणी थेट व्यवस्थापनापुढे मांडू लागल्या. जॉबरला वगळून बोलता येते, हा अनुभव नवा होता.

७/ १९२९ साली व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली शाही कामगार आयोग नेमला गेला. ना. म. जोशी त्याचे एक सदस्य होते. १९३१ च्या अहवालात आयोगाने जॉबरकडील भरतीचा अधिकार काढून घ्यावा आणि गिरण्यांत लेबर ऑफिसर नेमावेत, असे सुचवले.

८/ १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कार्डाची पद्धत आणली. महिन्याच्या आरंभी ठरावीक बदल्यांना कार्डे द्यायची आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने पगार लांबवण्यासही मर्यादा घातली : हजारांहून कमी कामगार असतील तेथे ७ दिवस, अन्यत्र १० दिवस. दीड महिन्याच्या उधारीवर उभ्या असलेल्या सत्तेच्या मुळाशीच हा घाव होता.

९/ तरीही कार्डाने मिळाला तो रांगेत उभे राहण्याचा हक्क. कामाची शाश्वती नव्हे. गिरण्यांना फाटकाबाहेर ताटकळणारी माणसे हवीच होती. म्हणूनच १९८२ च्या संपातही बदली कामगारांना कायम करा, ही मागणी होती.

१०/ दरम्यान १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने एक महत्त्वाचे तत्त्व मान्य केले : कंत्राटदाराने पगार बुडवला, तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. ज्याच्यासाठी घाम गाळला, त्याला मध्यस्थाच्या आड लपता येऊ नये, हा त्याचा अर्थ.

११/ जॉबर गेला. आज भरती एजन्सी आणि लेबर कॉन्ट्रॅक्टर आहेत. त्यांच्याशी व्यवहार करताना इतिहासाने शिकवलेले तीन प्रश्न विचारावेत : पगार कोण देणार, कोणत्या तारखेला देणार, आणि त्याने हात वर केले तर जबाबदार कोण?

१२/ आपल्या घरात कुणी गिरणीत होते का? असल्यास त्यांना जरूर विचारा : कायम होण्याआधी किती वर्षे 'बदली' होतात? मिळालेले उत्तर खाली लिहा.