पाठीवरचे बिऱ्हाड

गेल्या दिवाळीत आम्ही चौघांनी, म्हणजे नगर जिल्ह्यातील दोन महाविद्यालयांत मराठी शिकवणाऱ्या चार प्राध्यापकांनी, एक बेत आखायला घेतला. नाताळच्या सुटीला जोडून थोडी रजा काढायची, भाड्याने एक कॅराव्हॅन घ्यायची आणि नगरहून निघून मराठवाडा, विदर्भ, खानदेश असा निवांत फेरा मारून परत यायचे. कॅराव्हॅन म्हणजे झोपायला बाके, ओटा, शेगडी, नहाणीघर असलेली मोठी मोटार. 2021 साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून हा शब्द आपल्याकडे थोडाफार रुळला आहे. दिवसाला शंभर किलोमीटरांपेक्षा जास्त जायचे नाही, हा आमचा पहिला नियम होता. घाईच करायची तर एस.टी. काय वाईट आहे?

वही उघडली, नकाशा पसरला, तारखा लिहिल्या. थोड्याच वेळात लक्षात आले, की रस्ता ठरवणे सोपे आहे, अडचण आहे ती मुक्कामाची. रात्री गाडी कोठे उभी करायची? कोणाच्या परवानगीने? पाणी कोण देणार? आणि (हा प्रश्न आमच्यातील एका सहकाऱ्याने जेवणाच्या पानावर विचारला, त्यामुळे तो अधिकच लक्षात राहिला) गाडीतील संडासाची टाकी रिकामी कोण करणार? या प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता आम्ही पर्यटनाच्या माहितीपत्रकांवरून इतिहासाच्या पुस्तकांकडे वळलो. मास्तरांचे असेच होते. पण वळल्यावर दिसले ते सांगण्याजोगे आहे. थंडीच्या दिवसांत घर बरोबर घेऊन सावकाश हिंडणे ही आपल्या जिल्ह्यात मुळीच नवी गोष्ट नाही. ते कोणी करायचे आणि त्याचे ओझे कोणी वाहायचे, हे मात्र दर काळात ठरलेले होते.

प्रारंभ बादशहापासूनच करू. 1664 च्या डिसेंबरात औरंगजेब दिल्लीहून काश्मीरला निघाला, तेव्हा बर्निए हा फ्रेंच वैद्य त्या लवाजम्यात होता. बादशहाचे डेरे दुहेरी असत, असे तो लिहितो. एका डेऱ्यात बादशहा मुक्कामाला असताना दुसरा पुढच्या मुक्कामावर उभा राहत असे. पुढे जाणाऱ्या या सरंजामाला पेशखाना म्हणत. एका पेशखान्यासाठी साठांहून अधिक हत्ती, दोनशे उंट, शंभर खेचरे आणि शंभर हमाल लागत. पंधरा दिवसांचा लाहोरचा रस्ता कापायला या स्वारीने जवळजवळ दोन महिने घेतले. आमचा शंभर किलोमीटरांचा नियम वाचून बादशहाने आम्हांला उतावळे म्हटले असते.

हाच बादशहा पुढे दक्षिणेत उतरला तो परत गेलाच नाही. पाव शतक त्याची राजधानी डेऱ्यांत राहिली. 1706 मध्ये तो नगरला परतला आणि 1707 मध्ये भिंगारजवळच्या तळावर त्याचा अंत झाला. देह खुलताबादला गेला. चालत्या घराची ही परमावधी म्हणावी लागेल, कारण येथे प्रवासासाठी घर राहिले नव्हते, घर म्हणूनच प्रवास उरला होता. पुढे इंग्रजांनी भिंगारलाच छावणी वसवली, आणि आज तेथील लोक पक्क्या घरांत राहून आपल्या पत्त्यात 'कॅम्प' लिहितात. तसे पाहिले तर आपण सगळेच पत्त्याची सुरुवात 'मुक्काम पोस्ट' अशी करतो. सात पिढ्या एका ओसरीवर काढलेला माणूसही कागदोपत्री मुक्कामालाच असतो. भाषेला माणसाच्या स्थैर्याविषयी फारसा भरवसा नसावा.

पेशखान्याची युक्ती कंपनी सरकारने आणि पुढे राणीच्या सरकारने जशीच्या तशी उचलली. मुंबई इलाख्यात प्रांतसाहेबाने वर्षातील सुमारे सात महिने आणि कलेक्टराने किमान चार महिने जिल्ह्यात फिरले पाहिजे, असा दंडक होता. पावसाळा सदर ठाण्यावर काढायचा आणि थंडी पडू लागली की तंबू बाहेर काढायचे. नगरसारख्या सतरा हजार चौरस किलोमीटरांच्या जिल्ह्यात (आजही क्षेत्रफळाने हा राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा आहे) अकोल्याच्या डोंगरापासून जामखेडच्या माळापर्यंत हा फेरा पडे. येथेही तंबूंचे दोन संच असत. रात्री जेवण झाले की एक संच गाड्यांवर चढे. पहाटे साहेब घोड्यावरून निघे, वाटेत पिके पाही, पाटील-कुलकर्ण्यांचे दप्तर तपासे, आणि दहा-बारा मैलांवर आंब्याच्या राईत पोचे तेव्हा दुसरा तंबू उभा असून न्याहारी तयार असे. कारभाराच्या दृष्टीने ही पद्धत निरुपयोगी होती असे आम्ही म्हणणार नाही. तंबूच्या दारात कुणब्याला अर्ज देता येत असे. आजच्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यापेक्षा ते दार कदाचित जवळचे असेल.

पण ती न्याहारी तयार कशी होई? दौऱ्याचा कार्यक्रम आधी मामलेदाराकडे जाई, मामलेदाराकडून पाटलाकडे आणि पाटलाकडून महारवाड्याकडे. गवत, सरपण, पाणी, कोंबड्या, दूध, गाड्या, बैल यांचा बंदोबस्त व्हायचा. कागदावर त्याचे मोल ठरलेले असले तरी ते गरिबाच्या हाती किती पडे, हा वेगळा प्रश्न. सामान शिवेपर्यंत पोचवायचे, तेथे पुढच्या गावच्या महारांनी ते उचलायचे. याला वतनाचे काम म्हणत. वतन म्हणजे काय, तर तुटपुंजी जमीन आणि बलुते, त्याच्या बदल्यात आठही प्रहर सरकारची आणि गावाची हाक. 1928 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदे कौन्सिलात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले ते या व्यवस्थेविरुद्ध. ते पार पडले नाही. कनिष्ठ गावकामगार वतने कायद्याने रद्द व्हायला 1958 साल उजाडावे लागले. साहेबांच्या दौऱ्यांच्या आठवणी इंग्रजीत भरपूर आहेत, त्यांत पहाटेचे धुके आहे, तितर आहेत, शेकोटी आहे. सरपणाची मोळी मात्र तेथे आपोआप आलेली असते.

आता त्याच चावडीवर, त्याच थंडीत आलेले दुसरे बिऱ्हाड पाहू. कैकाडी, पारधी, बेलदार, डोंबारी, वैदू यांची पाले गावाबाहेर पडत. यांचेही घर बरोबरच असे, फक्त ते हत्तीवर नसून गाढवावर असे. 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा 1911 मध्ये मुंबई इलाख्यालाही लागू झाला. ज्या जमाती या कायद्याखाली नोंदल्या गेल्या, त्यांना हजेरी आली, हिंडण्यावर बंधने आली, गाव सोडायचे तर परवाना आला. सोलापूरला तारेच्या कुंपणाची वसाहत झाली. म्हणजे पाटील तोच, चावडी तीच. साहेबाचा दौरा तेथे हुकूम म्हणून येई, आणि नोंद झालेल्या पारध्याला आपला प्रवास परवानगी म्हणून मागावा लागे. एकाच्या हिंडण्याला कारभार म्हटले गेले, दुसऱ्याच्या हिंडण्याला गुन्हा. हा कायदा 1952 मध्ये गेला. गावकुसाच्या मनातून तो गेला असे कोणी छातीठोकपणे सांगू नये.

आमच्या विषयाच्या विद्यार्थ्यांना येथे त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' (1915) आठवेल. खेड्याच्या रचनेचे इतके बारीक निरीक्षण मराठीत तोवर कोणी केले नव्हते, आणि आम्ही ते आजही आवर्जून वाचायला सांगतो. पण फिरस्त्यांविषयी लिहिताना आत्रे कुणब्याच्या ओसरीवरून पाहतात. फिरस्ता हा त्यांना गाड्यावरचा भार वाटतो. त्यांचा कुणब्याविषयीचा कळवळा खरा आहे, आणि त्यामुळेच ही नजर अधिक विचार करायला लावते. ओसरीवरून पाल दिसते, पालातून ओसरी कशी दिसते ते दिसत नाही. ते दिसायला मराठीला 1980 पर्यंत, लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'पर्यंत थांबावे लागले. त्यानंतर दादासाहेब मोरे यांचे 'गबाळ', लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (1987) अशी आत्मकथने आली. आम्ही ही पुस्तके वर्गात आजवर 'दलित-भटक्यांचे साहित्य' या शीर्षकाखाली शिकवीत आलो. ती प्रवासवर्णने म्हणून कधी शिकवली नाहीत. प्रवासवर्णन म्हटले की आमच्या तोंडी अनंत काणेकर आणि पु. ल. देशपांडे येतात, गाढवाच्या पाठीवरून महाराष्ट्र पाहिलेला मुलगा येत नाही. हे आमच्या अध्यापनाचे उणेपण आहे.

सगळीच फिरती बिऱ्हाडे अशी नसतात, हेही नोंदवायला हवे. पारनेर तालुक्यात, विशेषतः ढवळपुरीच्या बाजूला, दिवाळीनंतर धनगरांचे वाडे हलतात. (स्थावर श्रीमंतीचे प्रतीक असलेला 'वाडा' हा शब्द येथे चालत्या तळाला लावतात, याचे आम्हांला नेहमी कौतुक वाटत आले आहे.) घोड्यांच्या पाठीवर भांडी, वाकळी, कोंबड्या, कोकरे आणि कधी तान्ही मुले. वाड्यातला जाणता माणूस आधी पुढे जाऊन चारा, पाणी आणि रान बघून येतो. शेतकरी रिकाम्या शेतात मेंढ्या बसवून घेतो, लेंड्यांचे खत मिळते म्हणून धान्य किंवा पैसे देतो. मुक्कामाचा असा सौदा, ज्यात थांबणारा आणि थांबवून घेणारा दोघेही काही मिळवतात, आम्हांला दुसरा आढळला नाही. चराऊ रानांवर बंदी आली, बागायत वाढून रिकामी शेते उरेनाशी झाली, तसा हा सौदाही आता अवघड होत चालला आहे.

आणि मग कोयता. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून दसरा-दिवाळीला हजारो जोडपी निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची म्हणून हंगामभर कारखान्याच्या हद्दीत, उसाच्या पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या कोपीत राहायचे. कारखान्याचा पट्टा पडला की परत. हा प्रवास ज्या साखरेमुळे सुरू झाला ती याच जिल्ह्यातली. भंडारदऱ्याचे धरण 1926 मध्ये पुरे झाले, प्रवरेच्या पाटांवर ऊस उभा राहिला, 1950 मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी कारखाना सुरू झाला. त्या कारखान्यांनी उत्तरेकडील तालुक्यांना शाळा, महाविद्यालये, दवाखाने दिले. आम्हां चौघांपैकी दोघांचे शिक्षण या साखरेवर झाले आहे. तेव्हा कृतघ्नपणे बोलण्याचा आमचा हेतू नाही. पण आमच्याच वर्गातील पाथर्डीकडची मुले दिवाळीनंतर दिसेनाशी होतात आणि हजेरीपटावर आम्ही त्यांच्या नावापुढे लाल शाईने गैरहजर लिहितो, तेव्हा ती कोठे मुक्कामाला आहेत हे आम्हांला ठाऊक असते.

आमच्या बेताची वेळही नेमकी तीच. नकाशावर पहिला टप्पा नगर ते पाथर्डी असा होता, आणि त्या रस्त्याने समोरून कोण येणार हे आता निराळे सांगायला नको. बैलगाडीत चूल, हंडे, शेळी, आजी आणि मूल. आम्ही शेगडी, नहाणी आणि चार प्राध्यापक घेऊन उलट दिशेने जाणार.

बेत आम्ही सोडला नाही. सोडून कोणाचे ओझे हलके होणार होते? पण वहीत फरक पडला. पहिला मुक्काम जामखेड तालुक्यातील चौंडीला हलवला. पुण्याला जाताना मल्हारराव होळकर येथे थांबले आणि देवळात आलेली लहानगी अहिल्या त्यांच्या नजरेस पडली, असे परंपरा सांगते. एका मुक्कामाने किती घडले! पुढे त्याच अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, बारवा, धर्मशाळा बांधल्या. वाटसरूला रात्री पाठ टेकता यावी, म्हणून एवढे बांधणाऱ्या बाईचे नाव 2024 मध्ये जिल्ह्याला मिळाले. नामांतराच्या वादावादीत तिच्या या कामाविषयी बोलताना फारसे कोणी दिसले नाही, म्हणून येथे लिहून ठेवतो.

टाकीचा प्रश्न असा सुटला, की गाडीतील संडास वापरायचाच नाही आणि मुक्काम विश्रामगृहाच्या किंवा महाविद्यालयाच्या आवारात करायचा. उरला चालक. कॅराव्हॅनवाल्याने पाठवलेल्या तपशिलात चार जणांची झोपायची सोय होती आणि आम्ही चौघे होतो. आम्ही फोन करून विचारले, की चालक कोठे झोपतो? पलीकडून उत्तर आले, "त्याचं काय सर, तो पुढं सीटवर आडवा होतो. सवय असते त्याला." दोन आठवडे थंडीत, सीटवर. आम्ही फोन ठेवला आणि बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एकाने वही ओढली, दोन आठवड्यांचे दहा दिवस केले, विदर्भ खोडला, आणि वाचलेल्या पैशांत प्रत्येक मुक्कामी एका खोलीचे भाडे धरले. त्या खोलीत आमच्यापैकी कोणी झोपायचे आणि गाडीतले बाक चालकाला द्यायचे, की खोली त्यालाच द्यायची, यावर अजून एकमत झालेले नाही. चालकाला विचारावे असे ठरले आहे.